संत्र्याच्या शेडमधला म्हाइंभट

शेडच्या पत्र्यावर कबुतरं चालताहेत. त्यांच्या नखांची खरखर खाली एवढी मोठी ऐकू येते की दर्यापूर आपलं वाक्य अर्ध्यावर सोडून वर बघते. "हे माह्या आधीच भिक्षा मागाले आले वाट्टे." सगळे हसतात. दादा हसत नाहीत. "कबुतरं येतीन अन् जातीन. तू तुह्यं बोल."

ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.

इथं कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही. दर्यापूर ही दर्यापूरची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, नाटकात महदाइसा करते आहे. अकोट हा अकोटचा. एरवी मोबाइल दुरुस्त करतो, इथं म्हाइंभट आहे. मूर्तिजापूर औषध कंपनीचा एमआर, त्याच्या वाट्याला भटोबास आलेत. बडनेरा रेल्वे क्वार्टरमध्ये वाढला, गाडीच्या आवाजावरून बोलायची सवय लागलेली, त्यामुळे त्याला दिवसभर 'खाली ये, खाली ये' सांगावं लागतं. कोपऱ्यात मांडी घालून बसलेली, कानामागे पेन खोचलेली मुलगी अमरावतीची. तिच्या मांडीवरची जाड वही हेच तिचं काम, म्हणून ती 'वही'. दादा अकोल्याचे, दिग्दर्शक. मी उलट्या कॅरेटवर बसून बघतो आहे; मला कामही नाही आणि टोपणनावही नाही.

शेड संत्र्याची आहे. रिद्धपूरचं शिवार, तालुका मोर्शी, जिल्हा अमरावती. आंबिया बहाराची तोड सुरू झाली की इथं रात्रंदिवस प्रतवारी चालते, फळावर मेण चढतं, कॅरेट भरतात, बाहेर ट्रक लागतात. आत्ता भाद्रपद सरतो आहे. फळ झाडावर हिरवं आहे आणि प्रतवारीचं यंत्र ताडपत्रीखाली झाकलेलं आहे. भिंतीवर कोळशानं गेल्या हंगामाचा हिशेब लिहिलेला, तो पुसायची परवानगी नाही. जमिनीवर फक्कीनं एक चौकट आखली आहे: अमरावतीत ज्या सभागृहात प्रयोग व्हायचा, त्याच्या रंगमंचाचं माप. डाव्या विंगेच्या जागी नेमका वजनकाटा येतो. तो हलत नाही. म्हणून नाटकात डावीकडून कुणीच प्रवेश घेत नाही, आणि मूर्तिजापूरला खात्री आहे की खऱ्या रंगमंचावरही सगळे सवयीनं उजवीकडूनच येऊन एकमेकांवर आदळणार.

मालक काका भाडं घेत नाहीत. त्यांच्या अटी मात्र पक्क्या. बाटली आणि कोंबडं चालणार नाही, कारण गाव महानुभावांचं तीर्थ आहे. लाइटचं बिल पोरांनी भरायचं. दसऱ्यानंतर व्यापारी फिरू लागतील, तेव्हा शेड मोकळी करायची. आणि रोज सकाळी बागेत एक चक्कर मारून गळालेली फळं वेचायची. यंदा फळगळ जबर आहे. गळालेलं फळ झाडाखालीच सडलं तर बुरशी बागभर पसरते, म्हणून ते उचलून बागेबाहेर खड्ड्यात पुरावं लागतं. तेव्हा तेराव्या शतकातले हे आचार्य आणि कवयित्री रोज उजाडताच वाकून हिरवी संत्री गोळा करतात, हात धुतात, चहा पितात आणि मग तालमीला उभे राहतात. बडनेऱ्याचं म्हणणं, आवाज लावायच्या व्यायामापेक्षा हा बरा.

अकोल्यात ह्यांची तालीम कशी चालते ते मी पाहिलं आहे. रात्री आठ वाजता शाळेच्या वर्गात बाकडी सरकवायची. कुणी दुकान बंद करून येतो, कुणी लेकराला झोपवून. साडेआठला सगळे जमतात, नऊला सुरुवात होते, आणि दहाला शिपाई किल्ल्या वाजवत दारात उभा राहतो. मग बाकडी पुन्हा जागेवर. महाराष्ट्र शासनाची राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे आणि वऱ्हाडातल्या हौशी नाटकवाल्यांचं वर्ष तिच्याभोवतीच फिरतं. पण त्या वर्षातला सलग म्हणावा असा वेळ किती, तर किल्ल्या वाजेपर्यंतचा. अशा तालमीत पाठांतर होतं, हालचाली बसतात. 'हा प्रवेशच चुकीचा आहे, फेकून द्या' असं मात्र कुणी म्हणू शकत नाही, कारण फेकून दिल्यावर नवा उभा करायला रात्र कुठली?

दादांनी ह्या वेळी पोरांना सुट्ट्या काढायला लावल्या. काहींनी बिनपगारी काढल्या.

"हो, पण रिद्धपूरच काहून?" हा प्रश्न मी पहिल्या चहालाच विचारला होता. दादांनी पिशवीतून लीळाचरित्राच्या झेरॉक्सचा गठ्ठा काढला. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं १९७८ साली काढलेली प्रत. पुढे पंथातून तिच्यावर आक्षेप आले, मोठा वाद झाला, तो वेगळा विषय. दादांना वादात रस नाही. त्यांना रस आहे तो पुस्तक कसं बनलं त्यात.

ती गोष्ट अशी. १२७० च्या दशकात कधीतरी महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी आपल्या माणसांना मागे ठेवून उत्तरेकडे निघून गेले. मागे राहिलेल्यांनी रिद्धपूरला यायचं, गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात राहायचं, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. गोविंदप्रभू म्हणजे स्वामींचे गुरू. मनात येईल त्या घरात शिरून जेवणारे, पोरांत पोर होऊन खेळणारे, स्वतःशीच बोलणारे. गावाला ते वेडेही वाटत आणि आईबापही. त्यांच्याभोवती नागदेव ऊर्फ भटोबास आणि इतर शिष्य येऊन राहिले. गोविंदप्रभू १२८७ च्या सुमारास गेले, तोवर दहा वर्षांहून जास्त काळ हा सगळा मेळा इथं होता. गावात भिक्षा मागायची, एकत्र खायचं, आठवायचं. भटोबास वाजेश्वरीत एकटे बसून स्वामींच्या लीळा मनात घोळवत असत. म्हाइंभट त्यांना विचारतो, तुम्ही हे काय करता? आणि मग म्हणतो, आपण हे लिहून ठेवू.

म्हाइंभट मूळचा सराळ्याचा. शास्त्र शिकलेला, घरचा बरा आणि विद्येचा ताठा असलेला. तो माणूस गावोगाव हिंडला. ज्याच्या घरी स्वामी उतरले होते, ज्यानं त्यांना पाहिलं होतं, ज्याच्याशी ते दोन शब्द बोलले होते, त्याच्यापुढे जाऊन बसला. ऐकलं ते रिद्धपूरला आणून भटोबासांपुढे ठेवलं. भटोबासांनी पारखलं तेच राहिलं. शके १२०० च्या सुमारास, म्हणजे इसवी सन १२७८ च्या आगेमागे, मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ असा तयार झाला. म्हाइंभटाला लेखक म्हणावं की संकलक, ह्यावर विद्वानांनी बरीच शाई खर्च केली आहे. मला तो प्रश्न फार महत्त्वाचा वाटत नाही. अकोटला मात्र वाटतो, कारण भूमिका त्याची आहे. "दादा, मी नेमका कोण हावो? लिहिणारा का विचारणारा?"

"विचारणारा," दादा म्हणतात. "लिहितानी तुह्याकडे कोणी पाहात नाई. विचारतानी पाह्यतात."

म्हणून आज सकाळपासून एकाच प्रवेशाची आवर्तनं चालू आहेत: म्हाइंभट तीन माणसांना एकच प्रसंग विचारतो आणि तिघं तीन तऱ्हांनी सांगतात. अकोट पहिल्यांदा पोलिसासारखा विचारतो. दुसऱ्यांदा टीव्हीवरच्या मुलाखतीसारखा. दादा त्याला खाली बसवतात, समोरच्या म्हातारीच्या हातात सूप देतात आणि सांगतात, ती जोवारी पाखडून रायली, तिले वेळ नाई, आता विचार. अकोट थोडा वेळ गप्प बसतो. मग पुढ्यातले खडे वेचायला लागतो, आणि वेचता वेचता विचारतो. म्हातारी सांगू लागते. वही खाली मान घालून भराभर लिहिते.

मध्ये हत्ती आणि आंधळ्यांचा दृष्टांत घालावा अशी सूचना येते. स्वामींचेच दृष्टांत वेगळे काढून केसोबासांनी 'दृष्टांतपाठ' रचला, त्यातला हा शाळेतल्या पोरालाही माहीत असलेला. दादा एका शब्दात उडवतात. "सोपा आहे." मला हे फार आवडतं. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या असत्या.

भाषेवरून मात्र चांगली जुंपते. बडनेऱ्याला जुन्या मराठीत बोलायचं आहे, त्याशिवाय ते 'जुनं' वाटणार नाही. मूर्तिजापूर म्हणतो, परीक्षकाला कळेल, पण माह्या मायला कळणार नाई. आणि मग तो हुकमाचं पान टाकतो: केसोबास संस्कृतात लिहायला निघाले होते, तेव्हा भटोबासांनीच त्यांना अडवलं, अशानं आपल्या पंथातल्या म्हाताऱ्या बायका वंचित राहतील, म्हणून मराठीत लिही, असं सांगितलं. "मी भटोबास हावो. मीच सांगून रायलो. वऱ्हाडीत बोला." शेडभर हशा. तडजोड अशी निघते की माणसं बोलतील वऱ्हाडीत, आणि म्हाइंभट लिहिलेलं वाचून दाखवील तेवढंच जुन्या वळणात. दर्यापूर म्हणते, दोन दिवस दोन्ही करून पाहू. दोन दिवस! अकोल्याच्या त्या वर्गात हे वाक्य कुणाच्या तोंडून निघालं नसतं.

दुपारी जेवण. आज रोडगे आहेत. शेडच्या मागं गोवऱ्यांचा हार पेटवलाय, निखाऱ्यात कणकेचे गोळे फुगताहेत, पातेल्यात वांग्याची भाजी रटरटते आहे, आणि चुलीपाशी बडनेरा आहे, कारण भाजीत तिखट किती टाकायचं ह्यावर त्याचाच आवाज चढतो. काकांच्या घरून ताकाची कळशी आली आहे. दर्यापूर सांबार निवडते आहे. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: कोथिंबीर.) सगळ्यांचे हात निखाऱ्यातून रोडगे काढण्यात भाजताहेत आणि तोंडं नाटकावर चालू आहेत.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या पीटरबरो गावी १९०७ पासून मॅकडॉवेल नावाचं ठिकाण आहे. रानात विखुरलेल्या झोपड्या, एकेका झोपडीत एकेक कलावंत. दुपारचं जेवण टोपलीत घालून पायरीवर ठेवून जातात, दार वाजवत नाहीत. कुणाच्या कामात खंड पडू नये म्हणून. थॉर्नटन वाइल्डरनं 'अवर टाउन' ह्या नाटकावर तिथं काम केलं. आर्टिस्ट रेसिडेन्सी म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यापुढे हे असलं काही येतं. आपल्याकडेही दिल्लीत 'खोज' १९९७ पासून निराळ्या तऱ्हेनं कलावंतांना जागा आणि वेळ देत आली आहे. मी टोपलीची गोष्ट सांगतो. मूर्तिजापूर रोडग्यावर तुपाची धार धरता धरता विचारतो, "मंग भांडत कोनासंगं असतीन ते?"

दादांच्या डोक्यात निराळं गाव आहे. कर्नाटकातल्या शिवमोग्गा जिल्ह्यातलं हेग्गोडू. सुपारीच्या बागायतदारांचं गाव. तिथं १९४९ साली गावकऱ्यांनी नीनासम काढली, के. व्ही. सुब्बण्णांनी ती वाढवली, पुढे १९९१ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नाट्यशिक्षण देणारी शाळा तिथं, आणि तिथून निघालेलं 'तिरुगाट' हे फिरतं नाटक १९८५ पासून कर्नाटकभर हिंडतं. "सुपारीवाल्याईले जमते, तं संत्रावाल्याईले काहून नाई?" हा दादांचा आवडता सवाल. काका ताक ओततात आणि शांतपणे उत्तर देतात: "सुपारी सडत नाई, सर. वाळते अन् ठेवता येते. संत्रा आज तोडला तं आठ दिवसांत खाल्लाच पायजे. आमच्यापाशी दम धराले वेळ नसते." दादांकडे ह्यावर उत्तर नाही. माझ्याकडेही नाही. उत्तर असलंच तर ते बागायतीच्या हिशेबात शोधावं लागेल, नाटकाच्या पुस्तकात नव्हे.

गावात आता मराठी भाषा विद्यापीठ आहे. २०२३ च्या अर्थसंकल्पात त्याची घोषणा झाली, २०२४ मध्ये डॉ. अविनाश आवलगावकर पहिले कुलगुरू झाले, आणि त्याच वर्षीच्या ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा लीळाचरित्राचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. काकांना विद्यापीठाबद्दल उत्सुकता आहे. तिथं नाटकवाल्यांना राहायला खोल्या मिळतील का, हे त्यांनी मला विचारलं. त्यांची शेड मोकळी होईल म्हणून विचारलं, की खरंच कळकळीनं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखता येत नाही.

तीनच्या सुमारास बाबा येतात. मठात राहणारे, सत्तरीच्या पुढचे. सगळे उठून "दंडवत, बाबा" म्हणतात, तेही "दंडवत" म्हणून हात जोडतात आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीवर टेकतात. दादांनी तालमीच्या आधीच मठात जाऊन सांगितलं होतं: रंगमंचावर स्वामी दिसणार नाहीत, गोविंदप्रभू दिसणार नाहीत. फक्त त्यांना आठवणारी माणसं दिसतील. बाबांनी तेव्हा एवढंच विचारलं होतं, की मी येऊन पाह्यलं तं चालन का.

पहिला अंक लागतो. स्वामी निघून गेले आहेत, शिष्य रिद्धपूरच्या वाटेवर आहेत. पोरांनी हा प्रवेश मन लावून बसवला आहे. पांढरी वस्त्रं, खाली घातलेल्या माना. दर्यापूर हुंदका देते, तो खरा वाटतो. मूर्तिजापूर तिच्या खांद्यावर हात ठेवणार, तेवढ्यात बाबा म्हणतात, "थांबा."

सगळं थांबतं.

"रडून काहून रायले तुम्ही?"

"स्वामी गेले ना बाबा," दर्यापूर डोळे पुसत म्हणते.

"कोठी गेले?"

कुणी बोलत नाही.

"उत्तरापंथे बिजे केलं," बाबा म्हणतात. आवाज चढलेला नाही; पोराला पाढा चुकल्यावर सांगावं तसा आहे. "आमच्या लेखी स्वामी हायेत. मंग हे सुतक कायचं? तुमचं हे निरा तेराव्याचं बसणं झालं."

दादा खिशातून तपकिरीची डबी काढतात आणि न उघडता परत ठेवतात. मला दिसतं, त्यांच्या डोक्यात पहिला अंक कोसळतो आहे. प्रकाशयोजना, पांढरी वस्त्रं, तो हुंदका, सगळं मृत्यूवर उभं होतं. आणि पुस्तक तर अकोल्यातही ह्यांनी वाचलं होतं. स्वामी उत्तरेला गेले हे सगळ्यांना पाठ होतं. पण पाठ असलेली गोष्ट अंगातून करताना आपोआप सवयीच्या दुःखाकडे वळली होती, आणि ते एवढ्या दिवसांत कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

"विरह असन," बाबा पुढे म्हणतात. "जीव कासावीस असन. पण वाट पाहणाऱ्याचं बसणं निराळं, अन् पोहचवून आलेल्याचं निराळं."

दादा पोरांकडे वळतात. "सोडा. पहिला अंक सोडा. वाट पाहा."

आता जे सुरू होतं त्याला तालीम म्हणावं की गोंधळ, कळत नाही. मूर्तिजापूर दाराकडे तोंड करून बसतो. दादा म्हणतात, खोटं. अकोट येरझारा घालतो, स्टेशनवरचा वाटतो. बडनेरा गप्प उभा राहतो, आणि तो गप्प आहे हेच एवढं नवलाचं की सगळे त्याच्याकडे बघत राहतात. दर्यापूर कोपऱ्यातला खराटा घेते आणि जमीन झाडू लागते, कुणी येणार असलं की बाई झाडते तशी. फक्कीची रेष पुसली जाते. कुणी अडवत नाही. झाडता झाडता ती भटोबासांना विचारते, कधी? मूर्तिजापूरला वाक्य नाही, तो गप्प. ती पुन्हा विचारते, कोणत्या वाटेनं? पुन्हा विचारते, संगं कोणी होतं का? महदाइसा मुळात प्रश्न विचारणारीच बाई. स्वामींनाही तिनं प्रश्नांनी भंडावलं होतं. ह्याच गावात पुढे गोविंदप्रभूंच्या लग्नाचा लटका घाट घातला गेला, तेव्हा तिनं उभ्या उभ्या धवळे रचून गायले, आणि मराठीतली आद्य कवयित्री म्हणून तिचं नाव राहिलं. ती बाई रडत बसली असेल हे दर्यापूरला आधी कसं पटलं होतं, हे आता तिलाच कळेना. "माय वं," ती खराटा टाकून म्हणते, "मी हिले निरा सून करून टाकलं होतं."

बाबा उठतात. सुधारलेलं बघायला थांबत नाहीत. "उद्या येतो. दुसऱ्या अंकातही एक गोष्ट हाय," असं दारातून सांगून जातात, आणि ती गोष्ट कोणती ह्या विचारानं दादांची झोप उडणार हे त्यांना नक्की ठाऊक असावं.

पाच वाजता उत्तरेकडून आभाळ भरून येतं. परतीचा पाऊस. पत्र्यावर पहिले थेंब पडतात आणि तालीम आपसूक बंद होते, कारण ह्या छपराखाली पावसात कुणाला कुणाचं ऐकू येत नाही. पहिल्या दिवशी दादांनी ह्याचा फायदा घेऊन सगळा प्रवेश मुक्यानं करून घेतला होता. आज तेही जमत नाही. काका पळत येतात, डोक्यावर पोतं, ओरडताहेत: सोयाबीन.

सोयाबीन कालच सोंगलं आहे. मळणीचा हडंबा उद्या यायचा होता. अर्धी गंजी झाकलेली, अर्धं शेतात पेंढ्यांनी पडलेलं. सगळे धावतात. प्रतवारीच्या यंत्रावरची ताडपत्री अकोट ओढून काढतो, दोघं तिची टोकं धरून बांधावरून पळतात. चिखलात पाय रुततात. मूर्तिजापूर आणि बडनेरा पेंढ्या उचलून फेकतात, दर्यापूर आणि वही गंजीवर रचतात, काकांची सून ताडपत्रीच्या कडांवर दगड ठेवत फिरते. बडनेऱ्याचा आवाज इथं कामाला येतो. पावसावरून फक्त त्याचंच ऐकू येतं. दादांना चिखलात धावता येत नाही, ते बांधावर उभे राहून उगाच सूचना देताहेत, आणि त्या कुणी ऐकत नाही. बरंचसं झाकलं जातं. उरलेलं भिजतं. भिजलेल्या शेंगेला दोन दिवसांत कोंब फुटतात, बाजारात त्याला भाव मिळत नाही. काका त्याबद्दल काही बोलत नाहीत, फक्त पावसाला एक शिवी देतात, ती इथं लिहिता येणार नाही.

रात्री लाइन गेलेली. कॅरेटवर दोन मोबाइलचे दिवे उभे केलेत. ओले कपडे यंत्रावर वाळत घातले आहेत. पाऊस थांबला आहे. काकांनी भाजलेल्या शेंगदाण्यांचं टोपलं आणून ठेवलं आहे आणि तेही बसले आहेत, कारण घरी बसवत नाही.

"शेवट काय हाये तुमच्या नाटकाचा?" ते विचारतात.

शेवट ठरलेला नाही. एवढं नक्की की तो पोथीच्या नाशावर यायचा. चौदाव्या शतकाच्या आरंभी खलजीच्या फौजा आल्या, पंथात तिला खालशाची धाड म्हणतात. त्या पळापळीत म्हाइंभटाची मूळ पोथी गेली. मग ज्यांना पाठ होतं त्यांनी आठवून आठवून ती पुन्हा उभी केली. एकाची आठवण दुसऱ्याशी जुळेना, म्हणून लीळाचरित्राचे एकाहून अधिक पाठ आपल्यापर्यंत आले. हे रंगमंचावर दाखवायचं कसं? बडनेऱ्याला घोड्यांच्या टापा आणि लाल प्रकाश हवा आहे. दादा दाण्याची टरफलं फुंकताहेत.

अकोट वहीच्या हातातली वही काढून घेतो, मागं लपवतो. "धाड आली. वही गेली. आता सांगा, आज बाबा काय म्हणाले?"

"सुतक कायचं, असं म्हणाले," मूर्तिजापूर लगेच म्हणतो.

"नाई. आधी 'कोठी गेले' म्हणाले."

"ते नंतर."

"आधी. म्या उत्तर नाई देल्लं म्हणून तं ते चिडले," दर्यापूर म्हणते.

"चिडले कोठी? हासले."

"हासले? तू दाराकडे पाहात होता लेका, तुले काय दिसते?"

"अन् ते तेराव्याचं बोलले ते कोणाले बोलले? मले का सगळ्याईले?"

काका म्हणतात, बाबांनी 'वाट पाहा' असं सांगितलं. ते दुपारी तिथं नव्हतेच. 'वाट पाहा' हे दादा म्हणाले होते. पण बडनेऱ्यालाही आता आठवतं की ते बाबाच म्हणाले. दादा स्वतः म्हणतात, मी तसं काही बोललोच नाही. मला विचारतात, मी तर दिवसभर कॅरेटवर बसून फक्त बघत होतो. मी सांगतो. माझं चौथंच निघतं, आणि सगळे माझ्यावर तुटून पडतात. आवाज एवढा होतो की काकांचा कुत्रा बाहेरून भुंकायला लागतो.

वहीनं तिची वही परत मिळवली आहे. तिनं पान उघडलं आहे, पण दुपारचं लिहिलेलं बघू नको असं अकोट तिला बजावतो. कोरं पान घे, आत्ताचं लिही. ती पेन घेऊन वाट बघते. ह्याच्याकडे बघते, त्याच्याकडे बघते.

"दादा, कोणाचं लिहू?"

"सगळ्याईचं लिही. ज्याचं त्याच्या नावावर."

ती पानं मोजते. "मंग पुरत नाई. उद्या कोणी मोर्शीले जाणार असन तं दोनशे पानी आणजा. अन् शाईचा पेन नका आणजा, फुटते."